भिडूशी बोलायचं नाही

आमच्या घरात पत्त्यांचा कॅट नुसता दिसला तरी वडिलांना द्रौपदी आठवायची. "धर्मराजाचं काय झालं?" एवढाच प्रश्न ते विचारत. एकदा मी धीर करून म्हणालो, "पण ते फासे होते." त्यावर जे उत्तर मिळालं ते गालावर मिळालं. त्यामुळे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत माझं पत्त्यांचं शिक्षण 'गुलामचोर' या इयत्तेपलीकडे गेलं नव्हतं. आणि त्यातही गुलाम नेहमी माझ्याकडेच राहायचा.

१९७७ साली माझं लग्न झालं. सासुरवाडी नाशिकची. नाशिक नव टेकांवर वसलं असं म्हणतात. त्यातल्या एका टेकावर, तिवंध्याजवळच्या एका गल्लीत सासऱ्यांचा वाडा होता. दिवाळसणाला मी संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं नाशिकरोडला उतरलो, तो कुडकुडतच. मुंबईच्या माणसाला थंडी ही फक्त कॅलेंडरवर माहीत असते. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, विडे झाले, आणि सासरे, म्हणजे अण्णा, सुपारी कातरता कातरता म्हणाले, "काय जावईबापू, मेंढीकोट होईल ना?"

मला गहिवरूनच आलं. रात्री माझे वाजलेले दात या माणसानं ऐकलेले दिसतात! सासरे दिवाळसणाला अंगठी देतात, घड्याळ देतात. पण मेंढीच्या लोकरीचा कोट देणारा सासरा विरळा. मी लाजत म्हणालो, "होईल की. छाती छत्तीस आहे."

वाड्यात असा सन्नाटा पसरला की खाली गोदावरीचं पाणी वाहताना ऐकू यावं. मग आत्याबाई हसल्या. आत्याबाई म्हणजे अण्णांची थोरली बहीण. त्यांचं हसणं म्हणजे नारोशंकराची घंटा. ती घंटा पंचवटीत १७४७ सालच्या देवळात टांगलेली आहे. ही आमच्या माजघरात होती. त्या हसल्या, सासूबाई हसल्या, बायको पदरात तोंड लपवून हसली. आणि चौकापलीकडच्या ओसरीवर पाठ फिरवून बसलेल्या एका गृहस्थांचे खांदेही हलताना मला दिसले.

ते नाना. अण्णांचे धाकटे भाऊ. दोघांमध्ये दोन वर्षं अबोला होता.

अबोल्याचं कारण एक जिना. वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा खोल्या मोजल्या, खिडक्या मोजल्या, देवघरातले देवसुद्धा वाटले. पण माडीवर जाणारा दगडी जिना कोणाचा, हे लिहायचं राहून गेलं. जिना अण्णांच्या अंगणातून सुरू व्हायचा आणि नानांच्या माडीवर संपायचा. अण्णांचं म्हणणं, जिना जिथं सुरू होतो त्याचा. नानांचं म्हणणं, जिना जिथं पोचवतो त्याचा. दोन्ही म्हणणी मला तेव्हाही पटली होती आणि आजही पटतात. कोर्टाला बहुधा तसंच वाटलं असावं, कारण कोर्टानं 'जैसे थे' असा हुकूम देऊन ठेवला होता. तेव्हापासून जिनाही जैसे थे होता आणि भाऊही.

बोलणं व्हायचं ते आत्याबाईंमार्फत. "अक्का, त्याला सांग, बंबाचा धूर माझ्याकडे येतो." "अक्का, त्याला म्हणावं, धुराला वाटणीपत्र वाचता येत नाही." दोघांमध्ये अंतर चार हातांचं. पण टपाल अक्कांच्या हातूनच जायचं.

अशा घरात माझ्या मेंढीकोटाच्या शिक्षणाला सुरुवात झाली. मी एक वही घातली. आत्याबाई सांगत गेल्या, मी लिहीत गेलो.

"चार भिडू. समोरासमोरचे जोडीदार. प्रत्येकाला तेरा पानं. आधी पाच, मग चार, मग चार, अशी वाटायची. उजवीकडून वाटायचं, उजवीकडूनच खेळायचं. ज्या रंगाची उतारी, त्याच रंगाचं पान द्यायचं. रंग नसला तरच हुकूम मारायचा. रंग असून हुकूम मारणं म्हणजे पाप."

"पाप?" मी लेखणी थांबवून विचारलं.

"लिहा, पाप."

मी लिहिलं.

"आता मेंढी. या खेळात दश्शीला मेंढी म्हणायचं. कॅटात चार मेंढ्या. ज्यांनी तीन ओढल्या त्यांनी जिंकलं. चारही ओढल्या की मेंढीकोट. दोन-दोन झाल्या तर हात मोजायचे. सात ज्याचे, तो जिंकला."

"म्हणजे दश्शी सगळ्यांत मोठी?"

"छे! तिच्यावर एक्का, राजा, राणी, गुलाम, चौघे आहेत. कोणीही येऊन खातं तिला. मेंढीला मान मोठा; जोर काही नाही." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "जावयासारखं समजा."

इतकं स्पष्ट मला आजवर कोणीच समजावून सांगितलं नव्हतं.

हुकमाचं प्रकरण जरा अवघड होतं. एक कट हुकूम आणि एक बंद हुकूम. कट हुकमात ज्याच्याकडे उतारीचा रंग सगळ्यांत आधी संपला त्यानं टाकलेलं पान, तोच हुकूम. बंद हुकमात पिसणाऱ्याच्या उजवीकडचा माणूस आपलं एक पान पालथं घालून ठेवतो. हुकूम कसला ते फक्त त्याला ठाऊक. कोणाचा रंग संपला की त्यानं म्हणायचं, "हुकूम उघडा." तोवर सगळे अंधारात. आमच्याकडे बंद हुकूमच चालायचा. ज्या घराचा जिनाच कोर्टात बंद हुकमाखाली पालथा पडला होता, त्या घराला दुसरा कुठला मानवणार?

"आणि सातवा नियम," आत्याबाई म्हणाल्या, "भिडूशी बोलायचं नाही. खूण करायची नाही, खोकायचं नाही, सुस्कारा टाकायचा नाही. बोलला, तो हात गेला. आणि हरला, त्यानं पिसायचं."

नियम ऐकून मी अण्णांचा भिडू कोण आणि आत्याबाईंचा कोण, असं विचारलं. आत्याबाईंनी पालथ्या हातानं चौकापलीकडे दाखवलं. अण्णांचे भिडू नाना. गेली दोन वर्षं तेच. आधी दोघं समोरासमोरच्या पक्षांत असत, पण वाटणीनंतरच्या पहिल्याच डावात एक नवा कोरा कॅट फाडला गेला. तेव्हापासून आत्याबाईंनी दोघांना एका पक्षात घातलं. आणि गंमत अशी की त्यांच्याइतकी पक्की जोडी मी आजवर पाहिली नाही. भिडूशी बोलायचं नाही हा नियम बाकीच्या जगाला जड जातो. या दोघांचा तो रोजचा सराव होता! लहानपणापासून एका ताटात जेवलेली माणसं. अण्णांनी एक्का उतरला की नाना डोळे मिटून त्यावर दश्शी सोडायचे. बघायचेसुद्धा नाहीत. अण्णांचा एक्का आहे म्हणजे हात आपला, ही खात्री.

चौथी जागा पूर्वी एका बिऱ्हाडकरूची होती. ते नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात कामाला होते. तो छापखाना १९२८ सालचा. दिवसभर नोटांच्या राशीत वावरणारा माणूस संध्याकाळी आमच्या चौकात पत्त्यांना बसायचा, आणि आत्याबाईंची सक्त ताकीद असायची की एका पैशानंसुद्धा खेळायचं नाही. गणपतीत त्यांना सरकारी क्वार्टर मिळालं आणि ते गेले. तेव्हापासून डाव बंद होता. अण्णांच्या घरातला चौथा घेतला तर नाना उठणार, नानांच्या घरातला घेतला तर अण्णा. दोघांचाही नसलेला चौथा हवा होता. आणि जावई कोणाचाच नसतो, याबद्दल दोन्ही घरांचं एकमत होतं. आमच्या पत्रिका किती गुणांनी जुळल्या होत्या ते मला माहीत नाही. पण 'मुलगा चौथा बसेल' हा गुण आत्याबाईंनी नक्की पाहिला असणार.

मी हरायला लागलो. पाडव्याला हरलो, भाऊबीजेला हरलो. पुढे महिन्याकाठी शनिवार-रविवारची खेप व्हायची, तेव्हा हरायला मी मुद्दाम मुंबईहून येतो आहे असं वाटायचं. हरणाऱ्यानं पिसायचं, म्हणून मी पिसत होतो. पिसून पिसून माझे हात इतके सफाईदार झाले की लांबून पाहणाऱ्याला मी पट्टीचा खेळाडू वाटायचो.

सराव म्हणून मी पंचवटीतल्या पासवाल्यांमध्ये बसू लागलो. १९७५ साली ही गाडी सुरू झाली आणि नाशिकच्या लोकांनी तिच्यात संसार थाटला. चौघांच्या गुडघ्यांवर वर्तमानपत्र पसरलं की झाला पट तयार. पण तिथले नियम ऐकून मी चक्रावलो. एक म्हणे, बंद हुकूम बायकांचा खेळ. दुसरा म्हणे, दोन-दोन मेंढ्या झाल्या तर डाव फोल. त्या काळी इगतपुरीला गाडीचं इंजिन बदलायचं, कारण मुंबईकडची वीज वेगळी आणि पुढची वेगळी. माझी खात्री आहे की मेंढीकोटाचे नियमही तिथेच बदलायचे.

शेवटी मी पुस्तक शोधायला एका वाचनालयात गेलो. शिकलेल्या माणसाला पोहायलासुद्धा आधी पुस्तक लागतं. तिथं एवढं कळलं की इंग्रजांच्या व्हिस्टवर एडमंड हॉइल नावाच्या गृहस्थानं १७४२ सालीच पुस्तक लिहून ठेवलं आहे, आणि त्यातही भिडू समोरासमोर, पानं तेरा, हुकूम आहेच. आपल्याकडे पत्ते त्याच्याही आधीचे. बाबरानं १५२७ साली सिंधमधल्या एका स्नेह्याला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची पानं गोल, आणि ती एकशेवीस! बावन्न पानांत दोन भाऊ बोलेनासे होतात; एकशेवीस असती तर गल्लीच्या गल्ली मुकी झाली असती. पण मेंढीकोटाचं पुस्तक काही मिळालं नाही. मेंढीकोटाचा हॉइल आमच्या माजघरात वाती वळत बसला होता.

अण्णांना कायद्याचा नाद. ते एकदा पानं लावता लावता म्हणाले, "रमी हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टानं १९६७ साली सांगितलंय."

नाना पानांतून मान वर न काढता म्हणाले, "अक्का, त्याला विचार, जिन्याबद्दल काय सांगितलंय?"

"डाव चालू आहे," आत्याबाई म्हणाल्या. "पुढचा जो बोलेल, त्याचा हात गेला."

दोघंही गप्प. या घरात हायकोर्टापेक्षा वरचं कोर्ट कुठलं, हे मला त्या दिवशी कळलं.

चार वर्षं गेली. आली १९८१ सालची कोजागरी. कोजागरीला जागायचं आणि जागताना फासे खेळायचे, ही चाल जुन्या पोथ्यांतली. आमच्याकडे फाशांच्या जागी मेंढीकोट होता, एवढंच. गच्चीवर सतरंजी, मध्ये कंदील, स्टोवर आटणारं दूध. गच्चीवर जायला जिना तोच, वादातला. अण्णा पुढून चढले, नाना पाच मिनिटं थांबून चढले. मध्ये पाच मिनिटं गेली की वहिवाट सिद्ध होत नाही, असं कोणा वकिलानं सांगितलं असावं.

पिसले अर्थात मी. उजवीकडे अण्णा, समोर आत्याबाई, डावीकडे नाना. अण्णांनी हुकूम पालथा घातला. तिसऱ्या-चौथ्या हाताला तो उघडला: किलवर. डाव रंगला. चार वर्षांत मी इतपत तयार झालो होतो की आपण हरतोय हे मला आधीच कळायचं. दोन मेंढ्या त्यांनी ओढल्या. एक आम्ही ओढली, ती कशी हे मला अजून माहीत नाही. राहिली बदामाची दश्शी. ती नानांकडे आहे हे नानांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

अण्णांनी बदामाचा एक्का उतरला.

आता झालं, असं मी मनात म्हटलं. आत्याबाईंची पाळी. त्यांनी पानांवरून एकदा नजर फिरवली, एकदा अण्णांकडे पाहिलं, एकदा नानांकडे. आणि किलवरची छक्की एक्क्यावर ठेवली. ठेवली म्हणजे आपटली नाही. देवापुढे फूल ठेवावं तशी अलगद.

नाना चंद्राकडे पाहत होते. अण्णांचा एक्का पडल्याचं त्यांनी आवाजावरून ओळखलं, आणि नेहमीप्रमाणे, न बघता, दश्शी काढून हात पुढे केला.

"नान्या, थांब! हुकूम पडलाय!"

सहा वर्षांत पहिल्यांदा. मधल्या माणसाशिवाय, थेट.

गच्चीवर कोणी हललं नाही. स्टोवरचं दूध उतू गेलं, तरी कोणी उठलं नाही. नानांचा हात तसाच पुढे, दश्शी बोटांत.

"बोललास," आत्याबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "नियम म्हणजे नियम. हात गेला. नाना, दाखवलेलं पान परत घेता येत नाही. टाक."

"अगं पण अक्का, त्यानं टाकलं नव्हतं अजून!"

"तिचं बरोबर आहे, दादा," नाना म्हणाले. "तू बोललास."

"मग काय करू? तुला दिसेना तर!"

"चष्मा खाली राहिला."

"मग आणायचा."

"जिना कोर्टात आहे."

अण्णा क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जिना कोर्टात असला तरी पायऱ्या घरात आहेत. जा, घेऊन ये. नाहीतर राहू दे, अंधारात पडशील. मी आणतो." आणि खरंच उठून गेले. नानांच्या माडीत. चष्मा कुठल्या कोनाड्यात असतो, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

चष्मा आला, डाव पुढे सुरू झाला. पण आता त्याच्याकडे लक्ष माझं एकट्याचं. ते दोघं बंबाच्या धुराबद्दल बोलत होते. सहा वर्षांचा धूर, इतक्यात संपणार थोडाच! आमच्या पक्षाचे हात माझ्यापाशी जमा होत होते. शेवटून दुसऱ्या हाताला आत्याबाईंनी एक पान टाकलं. बदामाची दुर्री.

मी पाहतच राहिलो. बदाम होता. दश्शीच्या हाताला त्यांच्याकडे बदाम होता, आणि तरी त्यांनी हुकूम मारला होता. ज्या बाईनं 'पाप' हा शब्द माझ्याकडून वहीत लिहून घेतला, त्या बाईनं! मी मान वर केली. आत्याबाई अत्यंत भक्तिभावानं चंद्र पाहत होत्या.

मी तो हात उचलला आणि हळूच बाकीच्या हातांच्या खाली घातला. मेंढ्या दोन-दोन झाल्या. हात मोजले, आमचे सात. चार वर्षांत पहिल्यांदा अण्णा आणि नाना पिसायला बसले, आणि कोणी पिसायचं यावरून भांडले. मोठ्यानं, एकमेकांशी.

दूध वाटताना मी आत्याबाईंजवळ सरकून म्हणालो, "आत्याबाई, ती बदामाची दुर्री..."

"कुठली दुर्री?" त्या म्हणाल्या. "दूध घ्या. निवतंय."

दावा मिटायला मात्र पुढे दोन वर्षं गेली, कारण तडजोडीचा खर्च आपणच करणार असा हट्ट दोघांनीही धरला. पुढे आत्याबाई गेल्या, मग एकेक करून दोघं भाऊही गेले. १९९६ साली वाडा पाडून तिथं चार मजली इमारत झाली. तिला लिफ्ट आहे. लिफ्ट कुठं सुरू होते आणि कुठं संपते, यावरून अजून कोणी कोर्टात गेलेलं नाही.

परवा नातू मोबाइलवर मेंढीकोट खेळत होता. कॅट नको, सतरंजी नको, चौथाही नको. समोर तिन्ही भिडू मशीनच. मी जरा वेळ पाहिलं आणि म्हणालो, "इथं रंग असताना हुकूम मारून बघ."

"मारूच देत नाही, आजोबा. पान उचललंच जात नाही. चूक करताच येत नाही."

"मग काय उपयोग?" मी म्हणालो.

त्याला ते कळलं नाही. मी कपाटातून कॅट काढला, आणि त्याला नियम नीट कळावेत म्हणून जुनी वहीही काढली. तो मोठ्यानं वाचू लागला. चार भिडू, तेरा पानं, आधी पाच, मग चार, मग चार. एका ओळीपाशी तो अडखळला.

"'रंग असून हुकूम मारणं म्हणजे पाप.' आणि पुढे पेन्सिलीनं काय लिहिलंय? 'आत्याबाई सोडून.' हे कोण? त्यांना का सोडून?"

मी पत्ते त्याच्यापुढे सरकवले आणि म्हणालो, "भिडूशी बोलायचं नाही. पिस."